लाज राखणारे शहर : फ्लॉरेन्समधील पाच दिवस

पहिला दिवस

फ्लॉरेन्सला निघालो तेव्हा ओळखीच्या मंडळींनी चित्रांची आणि पुतळ्यांची भली मोठी यादी हाती दिली होती, पण मी या शहरात आले ते दुसऱ्याच कारणाने. कोल्हापुरात एका विद्यार्थी मदत निधीच्या समितीवर मी बारा वर्षे काम केले. दर जूनमध्ये आम्ही गणवेश, वह्या आणि फीचे धनादेश वाटत असू, आणि हे वाटप व्यासपीठावर होई, कारण देणगीदारांना छायाचित्र हवे असे. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने धनादेश घेताना जी मान वळवली, ती छायाचित्रकाराने तीनदा हाक मारूनही पुन्हा समोर केली नाही. ते छायाचित्र आमच्या वार्षिक अहवालात तसेच छापले गेले : देणगीदार हसत आहेत आणि मुलीची फक्त वेणी दिसते आहे. तेव्हापासून, घेणाऱ्याची लाज राखून द्यायचे कसे, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आणि सहाशे वर्षांपूर्वी एका अख्ख्या शहराने हाच प्रश्न धरून संस्था उभ्या केल्या होत्या, हे वाचनात आल्यापासून ते शहर पाहण्याची ओढ लागली होती. थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, सोबतीला आली.

दुपारी सामान टाकून आम्ही थेट मुख्य कॅथीड्रलच्या चौकात गेलो. सगळ्यांच्या माना घुमटाकडे वळलेल्या असतात, तेव्हा चौकाच्या कडेला उभ्या असलेल्या रुग्णवाहिकांकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या मिझेरिकॉर्दियाच्या आहेत. मिझेरिकॉर्दिया म्हणजे दया. परंपरेप्रमाणे १२४४ साली स्थापन झालेला हा स्वयंसेवकांचा संघ आजारी माणसाला इस्पितळात पोहोचवणे आणि बेवारस प्रेताला मूठमाती देणे ही दोन कामे मुख्यतः करीत आला, आणि प्लेगच्या साथींत, सख्खी माणसे दार लावून घेत असताना, ही कामे किती मोठी ठरली असतील याची कल्पना करता येते. त्यांचा जुना पोशाख म्हणजे पायघोळ काळा झगा आणि चेहरा झाकणारे टोपडे, त्याला डोळ्यांपुरती दोन भोके. आपल्याला खांद्यावरून नेणारा सरदार आहे की चांभार, हे रुग्णाला कळू नये, म्हणजे त्याच्यावर कोणाच्या उपकाराचे ओझे राहणार नाही, असा त्यामागचा विचार. सेवा झाल्यावर ते एकमेकांना ‘देव तुला याचे फळ देवो’ अशा अर्थाचे वाक्य म्हणत. आभार मानण्याचे काम त्यांनी देवाकडे सोपवले होते, आणि घेणारा त्यातून मोकळा झाला होता.

त्याच चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर बिगाल्लो या जुन्या धर्मादाय संस्थेची छोटी, नक्षीदार कमानींची इमारत आहे. १३५२ ते १३५८ या काळात बांधलेल्या या कमानींखाली हरवलेली आणि टाकून दिलेली मुले लोकांना दिसतील अशी ठेवत, म्हणजे कोणी तरी ओळखून घेऊन जाईल. आतमध्ये १३४२ सालचे भित्तिचित्र आहे. त्यात दयेची देवता उभी आहे आणि तिच्या पायाशी तटबंदीतले फ्लॉरेन्स दाटीवाटीने उभे आहे. या शहराचे हे सर्वांत जुने उपलब्ध चित्र समजतात. शहराचे पहिलेच चित्र दानधर्माच्या संस्थेत काढले गेले, ही गोष्ट मला योगायोगाची वाटली नाही.

दुसरा दिवस

सकाळी ओर्सानमिकेले पाहिले. ही मुळात धान्याची बाजारपेठ. तिथल्या एका खांबावरच्या मेरीच्या चित्राची ख्याती वाढली, १२९१ साली तिच्या भजनासाठी मंडळी स्थापन झाली, आणि नवसाचा पैसा गरिबांसाठी तिच्याकडे जमू लागला. वरच्या मजल्यांवर धान्याची कोठारे होती आणि धान्य खाली सोडण्याच्या वाटा खांबांतून काढलेल्या होत्या. खांबाच्या दगडातली ती तोंडे आजही दिसतात. १३४८ च्या प्लेगात मरणाऱ्या माणसांनी आपली इस्टेट या मंडळीच्या नावे केली, आणि तो आकडा इतिवृत्तकार मात्तेओ विल्लानीने साडेतीन लाख सोन्याच्या फ्लोरिन नाण्यांच्या वर दिला आहे. त्या पैशाचे काय झाले, याबद्दल विल्लानीची तक्रार कडवट आहे : घ्यायला गरीब उरले नव्हते आणि सांभाळणाऱ्यांनी हात मारला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत ओर्कान्याने मेरीच्या चित्राभोवती संगमरवराचे आणि रंगीत काचेचे जे मखर घडवले, ते डोळे दिपवणारे आहे. मी त्याच्यासमोर उभी राहिले खरी, पण विल्लानी वाचून आलेल्या माणसाला त्या मखराचे निखळ कौतुक करता येत नाही.

तिथून पाच-सात मिनिटांवर, महाकवी दान्तेच्या घराजवळच्या एका चिंचोळ्या चौकात, आपल्याकडच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाएवढे एक देवालय आहे : सान मार्तिनो. मला ज्यासाठी यायचे होते ते ठिकाण हेच. इथे बारा माणसांची एक संस्था आहे. तिला बुओनोमिनी, म्हणजे ‘भले लोक’, म्हणतात. १४४२ च्या सुमाराला सान मार्को मठाचे प्रमुख आन्तोनिनो, जे पुढे फ्लॉरेन्सचे आर्चबिशप आणि १५२३ पासून संत झाले, त्यांनी ती उभी केली. शहराचे सहा भाग होते, प्रत्येक भागासाठी दोन, असे बारा. त्यांनी मदत करायची ती पोवेरी व्हेर्गोन्योझींना, म्हणजे भीक मागायची लाज वाटणाऱ्या गरिबांना. आपण ज्याला अब्रूदार घर म्हणतो, जिथे चूल पेटली नाही तरी दारात रांगोळी चुकत नाही, तशी ही घरे : धंदा बसलेला विणकर, कर्जात बुडालेला कारागीर, नवरा गेलेली बाळंतीण. चौकातल्या भिकाऱ्याला कोणी तरी तुकडा घालतेच, पण जो माणूस बाहेर पडून हात पसरू शकत नाही तो दाराआड मरतो, हे आन्तोनिनोने नेमके हेरले होते.

देवालयाच्या भिंतीत दगडाला पाडलेली एक फट आहे. ती मी पुष्कळ वेळ पाहिली. कडा घासून गुळगुळीत झालेल्या आहेत. तीतून नाणे जाते आणि घडी घातलेली चिठ्ठीही. वरचा लेख सांगतो की हे दान सान मार्तिनोच्या लाजऱ्या गरिबांसाठी आहे. मागणाऱ्याने अर्ज टाकून निघून जायचे, मग त्या भागाचे दोघे जण गाजावाजा न करता घर पाहून येणार, आणि मदत घरी पोहोचणार. माझ्या मनात आले, आमच्या व्यासपीठाऐवजी शाळेच्या भिंतीत एवढी एक फट पुरली असती.

आन्तोनिनोने घातलेली दुसरी अट माझ्यासारख्या विश्वस्त मंडळींना बुचकळ्यात टाकणारी आहे. संस्थेने कायमचा निधी करायचा नाही. कोणी शेत किंवा घर मृत्युपत्राने दिले तर ते लगेच विकून पैसा वाटून टाकायचा. आपल्याकडे ‘ठेव सुरक्षित, व्याजातून मदत’ हे चांगल्या कारभाराचे पहिले सूत्र मानतात, आणि मीही बारा वर्षे तेच म्हणत आले. आन्तोनिनोपुढे मात्र पैसा साठवणाऱ्या संस्थांचे दाखले होते : पैसा साठला की त्याच्यावर डोळा ठेवणारे येतात, आणि गरिबापेक्षा ठेवच मोठी होते. सकाळी पाहिलेल्या मखराची आठवण इथे झाल्यावाचून राहिली नाही. पैसा संपला की हे बारा जण दारात एक मेणबत्ती लावत आणि लोक समजून दान आणून देत, असे इथे परंपरेने सांगतात. एखाद्याची पुंजी संपत आली की तो ‘मेणबत्तीवर आला’, हा इटालियन वाक्प्रचार त्यातूनच निघाला असे मानतात. मोठ्या देणगीदारांत कोझिमो दे मेदिची होता, म्हणजे शहराची सत्ता ज्याच्या मुठीत होती तो सावकार, आणि त्याला यातून लोकांची निष्ठाही मिळाली असणार. तरी संस्था त्याच्या घराण्यामागून टिकली. आजही ती काम करते आहे.

आत, भिंतीच्या वरच्या अर्धवर्तुळांत, गिर्लान्दायोच्या कर्मशाळेत रंगवलेली दहा चित्रे आहेत. दोन संत मार्टिनच्या कथेची, उरलेली आठ या बारा माणसांच्या रोजच्या कामाची, आणि त्यांत ना ढगांतले देवदूत आहेत ना सोन्याची प्रभावळ. एका चित्रात बाळंतिणीची खोली आहे : पलंगावर दमलेली बाई, बाळाला गुंडाळायचे कापड घेऊन आलेला एक भला माणूस, आणि खाण्यापिण्याचे जिन्नस आणलेला दुसरा. ताई म्हणाली, “अगं, हा तर बाळंतविडा!” दुसऱ्यात कर्जापायी तुरुंगात पडलेल्याला पैसे भरून सोडवताहेत. तिसऱ्यात लग्न लागते आहे आणि हुंड्याची थैली मोजली जाते आहे, कारण हुंड्यावाचून त्या शहरात गरिबाच्या पोरीला लग्नही नव्हते आणि मठातही सहजी जागा नव्हती. मला सर्वांत जवळचे वाटले ते चित्र मात्र कोणा गेलेल्या माणसाच्या घराची यादी करण्याचे : पेटी उघडली आहे, कापडे बाहेर काढताहेत, लिहिणारा लिहितो आहे. मदत म्हणजे अशी बसून, एकेक चादर मोजून, विधवेच्या हातून काही निसटणार नाही हे पाहणे असते, हे ज्याने रंगवून घेतले त्याला हे काम आतून माहीत होते.

तिसरा दिवस

आजचा सगळा दिवस ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्तीत गेला. इन्नोचेन्ती म्हणजे निष्पाप; बायबलमधल्या हेरोद राजाने मारवलेल्या बालकांवरून अनाथ मुलांच्या या घराला हे नाव मिळाले. वाटेत सान्ता मारिया नुओवाचे इस्पितळ बाहेरून पाहिले. दान्तेच्या काव्यातल्या बेआत्रिचेचे वडील फोल्को पोर्तिनारी यांनी १२८८ साली काढलेले, आणि आजही चालू असलेले.

रेशीम व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, १४१९ साली जमीन घेऊन बालगृहाचे काम सुरू केले आणि आराखडा ब्रुनेल्लेस्कीकडे दिला. मूळचा सोनार असल्याने तो त्याच श्रेणीचा सभासद होता. नऊ कमानींचा तो ओटा पाहिला की प्रथम शांत वाटते. इतक्या साध्या रेषांत, राखाडी दगड आणि पांढरी भिंत एवढ्यावर, आधुनिक वास्तुकलेचा आरंभ झाला असे जाणकार म्हणतात, आणि तो आरंभ राजवाड्यासाठी झाला नाही, टाकलेल्या पोरांसाठी झाला. कमानींच्या मधे निळ्या गोलांत पांढरी, चकाकती बाळे आहेत, कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळलेली, हात पसरलेली. आन्द्रेआ देल्ला रोब्बियाने १४८७ च्या सुमाराला घडवलेली ती दहा बाळे एकसारखी नाहीत. कोणाच्या पट्ट्या घट्ट आहेत, कोणाच्या सुटून पायाशी आल्या आहेत.

१४४५ च्या जानेवारीत दार उघडले आणि ५ फेब्रुवारीला पहिली मुलगी आली. तो संत आगाथाचा दिवस, म्हणून तिचे नाव आगाता स्मेराल्दा. तेव्हापासून प्रत्येक मुलाची नोंद वहीत आहे : कोणत्या दिवशी आले, अंगावर काय होते, सोबत काय ठेवले होते. आरंभीच्या अनेक मुलांच्या आया घरोघरी राबणाऱ्या, विकत घेतलेल्या गुलाम बायका होत्या आणि बाप त्या घरांचे मालक होते. ओट्याच्या एका टोकाला जाळीची खिडकी आहे. गज एवढ्या अंतरावर की फक्त तान्हे बाळच आत जावे. रात्री येऊन बाळ ठेवायचे आणि अंधारात निघून जायचे. ३० जून १८७५ ला ती बंद झाली, आणि दारिद्र्याला व अपराधांना इथे चार शतके गुप्त आसरा होता, अशा अर्थाचा लेख तिच्यापाशी आहे.

संग्रहालयात एका दालनात लहान लहान खण आहेत, प्रत्येकावर एकेक नाव. खण ओढला की आत एकच वस्तू असते. मी एक ओढला : कापलेले पदक. अर्धे, कड ओबडधोबड, आईने घाईत कातरीने कापले असावे तसे. दुसरा अर्धा तिच्याकडे राहणार होता, म्हणजे कधी तरी परत आली तर दोन अर्धे जुळवून ‘हे माझे’ म्हणता यावे. पुढच्या खणात दोरीत ओवलेला मणी, त्याच्या पुढच्यात तुटका क्रूस. अर्धा तुकडा इथे राहिला आहे, याचा अर्थ दुसरा अर्धा घेऊन बहुधा कोणी आले नाही. ताईने चार खण पाहिले आणि ती बाहेरच्या अंगणात जाऊन बसली. मी राहिले, कारण मला वाटले की हे पाहायला कोणी तरी थांबले पाहिजे.

मुले दूध पाजणाऱ्या दायांकडे, पुष्कळदा दूरच्या खेड्यांत, पाठवत. दाईला पगार मिळे आणि त्याचा हिशेब राही. तरी फार मुले दगावत. जगलेल्या मुलांना धंद्याला लावत. मुलींना हुंडा द्यावा लागे, आणि तो जमला नाही की त्या इथेच मोठ्या होत, म्हाताऱ्या होत. सोळाव्या शतकात विन्चेन्त्सो बोर्गिनी हा विद्वान इथला प्रमुख होता. शेकडो बायकांना विणकाम आणि रेशमाचे काम देऊन घर चालवण्याची त्याची धडपड वाचली की विद्वत्तेपेक्षा त्याच्या चिकाटीचेच नवल वाटते. ‘इन्नोचेन्ती’ हे आडनाव आजही इथल्या तोस्काना प्रांतात सापडते.

ही खिडकी आणि सान मार्तिनोची फट मला दोन दिवस एकच गोष्ट वाटत होती : दोन्ही ठिकाणी चेहरा दिसू नये ही सोय. खणांपुढे उभी असताना त्यातला फरक लक्षात आला. फटीत चिठ्ठी टाकणाऱ्याकडे नंतर कोणी तरी घरी जाई. खिडकीत बाळ ठेवणारीकडे कोणी जात नसे. लाज राखली गेली ती तिच्या घराण्याची, तिच्या मालकाची. तिला मात्र लाज झाकण्याच्या बदल्यात मूल द्यावे लागले. एकोणिसाव्या शतकात उघड झाले की यातली कितीतरी मुले लग्नाच्या जोडप्यांचीच होती आणि केवळ पोट भरत नाही म्हणून सोडलेली होती. म्हणजे त्या आईला दोन घास मिळाले असते तर खिडकीपर्यंत ती आली नसती.

इथे पुण्याची आठवण अपरिहार्य होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांना त्यांनी बोलावले ते गुप्तपणे बाळंत होण्यासाठी. मूल न्यायचे की ठेवायचे हे तिच्या खुशीवर सोडले होते. दार आईसाठी उघडले होते, आणि बाळ तिच्यासोबत आत आले. पंढरपूरचे अनाथ बालगृह १८७५ साली सुरू झाले, म्हणजे फ्लॉरेन्सची खिडकी बंद झाली त्याच वर्षी. इन्नोचेन्तीच्या इमारतीत आज पाळणाघरे आहेत, आणि मुले असलेल्या आयांना आसरा देण्याचे कामही ही संस्था करते, हे समजल्यावर मला बरे वाटले.

चौथा दिवस

गाडीने अर्ध्या तासात प्रातोला जाऊन आलो. इन्नोचेन्तीसाठी पहिले १,००० फ्लोरिन ठेवणारा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी इथला. १३४८ च्या प्लेगात आईबाप गेलेला हा पोर फ्रान्समधल्या आव्हिन्योंला जाऊन श्रीमंत झाला, आणि त्याच्या हिशेबाच्या वह्यांवर ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावाने’ असे लिहिलेले असे. त्याला बायकोपासून मूल झाले नाही. घरातल्या गुलाम बाईपासून झालेली मुलगी जिनेव्हरा त्याच्या घरी वाढली. ही गोष्ट कळल्यावर १,००० फ्लोरिनचा अर्थ थोडा बदलतो. १४१० साली तो वारला तेव्हा बाकीची इस्टेट त्याने प्रातोच्या गरिबांसाठी ठेवली आणि तिचा कारभार चर्चकडे न देता नगराकडे दिला. त्याच्या घरात १८७० साली सुमारे दीड लाख पत्रे सापडली. मित्र आणि वकील लापो मात्सेईने त्याला पुनःपुन्हा लिहिले होते की आता व्यापार आवर आणि आत्म्याचे पाहा. दातिनी काही आवरला नाही, पण मृत्युपत्र मात्र त्याने नीट केले.

पाचवा दिवस

शेवटच्या दिवशी आम्ही कोल्हापूरकरांनी जिथे गेलेच पाहिजे तिथे गेलो. आर्नोच्या काठाने काशीने उद्यानाच्या पार टोकापर्यंत चालत गेले की झाडांत एकदम एक छत्री दिसते, आपल्या घाटावर असावी तशी. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना या शहरात आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इथे वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि प्रेत जाळण्याची रीत त्या देशात नव्हती. तरीही परवानगी मिळाली, आणि मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते त्या संगमावर त्यांना आपल्या रीतीने अग्नी देता आला. १८७४ साली तिथे ही छत्री आणि त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला.

सान मार्तिनोतल्या त्या आठ कामांत प्रेताला पुरण्याचेही एक चित्र आहे. ते मी परवा घाईत पाहिले होते. ख्रिस्ती धर्माने सांगितलेल्या सात दयाकृत्यांतले शेवटचे कृत्य तेच, आणि मिझेरिकॉर्दियाने शतकानुशतके खांद्यावर घेतलेले कामही तेच. ते महाराजांच्या वाट्याला कोणत्या नियमाखाली आले ते मला ठाऊक नाही, पण परक्या, परधर्माच्या, वीस वर्षांच्या मुलाला त्याच्या धर्माप्रमाणे निरोप मिळावा, एवढे या शहराने केले.

छत्रीपाशी कुत्र्याला फिरवायला आलेल्या एक आजीबाई थांबल्या आणि मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारले, तुमचे कोणी नातलग का? ताईने मान हलवली आणि मराठीतच म्हणाली, “आमच्या गावचे.” आजींना शब्द कळले नसावेत. त्यांनी पुतळ्याकडे एकदा पाहिले, कुत्र्याची दोरी आखूड धरली, आणि आमचे होईपर्यंत त्या थोड्या अंतरावर, नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.